काकांच्या ट्रंकेत स्टार ट्रेकच्या फिल्मचे तुकडे सापडलेत, सगळे गुलाबी पडलेत, काय करावं?

टिळकवाडीचा_बाळू

नमस्कार मंडळी, थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या. शहापुरातलं आमचं जुनं घर पाडून नवीन बांधायला काढलंय, माळा रिकामा करताना थोरल्या काकांची पत्र्याची ट्रंक निघाली. काका सत्तरच्या दशकात अमेरिकेत नोकरीला होते, आता ते नाहीत. ट्रंकेत बिस्किटाचा डबा आणि डब्यात फिल्मचे तुकडे. काही तीन-चार फ्रेमचे, काही वीतभर लांब, थोडे कागदी स्लाइडच्या चौकटीत बसवलेले. खिडकीत धरून बघितलं तर चक्क स्टार ट्रेक, अंतराळातल्या जहाजाची ती अमेरिकन मालिका, जुनी, कर्क-स्पॉकवाली! आम्ही ते ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर बघितलेलं आणि घरात टीव्ही काळापांढरा, त्यामुळं कुणाचा शर्ट कुठल्या रंगाचा हे कधी कळलंच नाही, आणि आता रंगीत फिल्म हातात आलीय तर माणसं, भिंती, शर्ट सगळंच गुलाबी.

एकात कर्क, म्हणजे जहाजाचा कॅप्टन, खुर्चीत बसलाय. एकात एक बाई, केस जाळीसारखे विणून डोक्यावर उंच बांधलेत, हातात ट्रे आहे. एकात नुसता क्लॅप, म्हणजे शॉटच्या आधी कॅमेऱ्यापुढं धरतात ती पाटी, धरलेला हात आणि मागं कुणाचा तरी अर्धा खांदा. तीन-चार तुकड्यांत जहाजाचं मॉडेल, मागं चांदण्या वगैरे काही नाही, सपाट एकच रंग. शिवाय सुतळीनं बांधलेली वेगळी गड्डी आहे काळ्यापांढऱ्या तुकड्यांची, ती इथल्याच थेटरातली असणार कारण एकात दुकानाची मराठी पाटी दिसायलीय.

विचारायचं हे की कुठला एपिसोड ते ओळखता येतं का? रंग परत येतात का? इथल्या एका फोटोवाल्यानं सांगितलं की केमिकलमध्ये धुवून रंग आणून देतो, खरं आहे का? आणि माझा विचार असा की चेहरे चांगले दिसतात तेवढे ठेवायचे, चौकटीत बसवायला कडा जरा कापायच्या आणि क्लॅप, पाठमोरी माणसं असले टाकून द्यायचे. चालेल ना? डबा उघडला की आंबूस वास येतो, तो माळ्यावरच्या दमटपणाचा असावा.

निपाणीचा_ऑपरेटर

बाळूदादा, कात्री आधी खाली ठेवा. आणि फोटोवाल्याला काही देऊ नका.

मी थेटरात ऑपरेटर होतो, कार्बन जाळायच्या मशीनपासून ते झेनॉन दिव्यापर्यंत. स्टार ट्रेक मला ठाऊक नाही, पण फिल्म कळते. तुमच्याकडं दोन जातीचा माल आहे आणि तो पहिला वेगळा करा.

थेटरातले तुकडे लगेच ओळखू येतात. चित्राच्या एका बाजूला, भोकं आणि चित्राच्या मधे, साउंडचा पट्टा असतो, नागमोडी पांढरी रेघ. रीळ मशीनमध्ये फाटलं की आम्ही तेवढ्या फ्रेम कापायचो, कड खरवडून फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडायचो आणि कापलेलं केबिनच्या कोपऱ्यात पडायचं. दुपारच्या शोला दाराशी पोरं ठरलेली, "मामा फिल्म द्या की". ती पोरं दिव्याच्या बल्बात पाणी भरून आरशानं ऊन पाडून भिंतीवर सिनेमा बघायची, तुमच्या काकांनी पण तेच केलं असणार अमेरिकेला जायच्या आधी. एखाद्या तुकड्यात उजव्या कोपऱ्यात वर गोल टिकली दिसली तर तो रीळ संपतानाचा तुकडा, ती बघून आम्ही दुसरं मशीन चालू करायचो.

अमेरिकेतल्या तुकड्यांवर साउंडचा पट्टा नसला तर ते थेटरचं किंवा टीव्हीवर दाखवायचं प्रिंट नव्हे. शूटिंग झालं की निगेटिव्हवरून घाईनं एक प्रिंट काढायचे एडिटिंगसाठी, आवाज वेगळ्या मॅग्नेटिक पट्टीवर असायचा. त्या प्रिंटमधून एडिटरनं कापून बाजूला टाकलेलं ते हे. म्हणून तर त्यात क्लॅप आहे. कुठं मेणाच्या पेन्सिलीच्या रेघा दिसल्या तर पुसू नका, ती एडिटरची खूण.

आता वास. तो माळ्याचा नव्हे हो, तो व्हिनेगरचा वास. फिल्मचा पाया ॲसिटेटचा असतो, उष्मा आणि दमट हवेत तो कुजतो आणि ॲसेटिक ॲसिड सुटतं. हे ॲसिड डब्यात कोंडलं की शेजारचा चांगला तुकडा पण धरतो. आजच्या आज पत्र्याच्या डब्यातून काढा, गंज त्याला आणखी मदत करतो. वास येणारे वेगळे, न येणारे वेगळे, साध्या कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या घट्ट डब्यात नको. वास येणारा तुकडा वाकडातिकडा झाला असेल, आखडला असेल तर त्याचं स्कॅन पहिलं करायचं, कारण कुजणं थांबत नाही, फार तर सावकाश करता येतं.

काळ्यापांढऱ्या गड्डीत फार जुनं काही असलं तर जास्त सांभाळा. १९५० च्या आसपासपर्यंत नायट्रेटची फिल्म चालायची, ती पेट घेते आणि पाण्यानं विझत नाही. कडेवर "सेफ्टी" असं इंग्रजीत छापलेलं आहे का बघा. काडी लावून बघतो म्हणणारे शहाणे भेटतील, त्यांना घरात घेऊ नका.

खानापूर_ते_बेंगळूर

अण्णांनी सगळं बरोबर सांगितलं. बाळूदादा तुम्ही नशीबवान आहात राव! लिंकन एंटरप्रायझेस म्हणून रॉडेनबेरीचा, म्हणजे ही मालिका काढणाऱ्याचा, टपालानं माल विकायचा धंदा होता, ते हे एडिटिंगमधले उरलेले तुकडे चाहत्यांना पाकिटातून विकायचे. काकांनी तिथूनच मागवले असणार.

आधी कडा, कारण ओळख तिथूनच चालू होते. निगेटिव्हवर दर फुटाला एक नंबर छापलेला असतो आणि प्रिंट काढताना तो प्रिंटवर पण उतरतो. ३५ एमएमच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे चार फ्रेमच्या तुकड्यावर नंबर असायची शक्यता चारात एक. पण दोन वेगळ्या तुकड्यांवर लागोपाठचे नंबर निघाले की ते एकाच टेकमधले, म्हणजे एका दमात शूट केलेले, मग एक ओळखला की दुसरा फुकटात ओळखला. कडा कापल्या तर हे गेलंच. काळ्या कडेवर पांढरी अक्षरं असतील तर ती निगेटिव्हवरून उतरलेली, पारदर्शक कडेवर काळी अक्षरं असतील तर ती प्रिंटच्या फिल्मची स्वतःची. ईस्टमन (कोडॅकची फिल्म) या नावाजवळ गोल, चौकोन, त्रिकोण, अधिक असली बारीक चिन्हं दिसतील, ती फिल्म कुठल्या वर्षी बनली त्याची खूण. चिन्हं २० वर्षांनी परत तीच येतात, म्हणजे १९४६ आणि १९६६ चं एकच, पण तुमच्या बाबतीत गोंधळ व्हायचा प्रश्न नाही. फक्त हे फिल्म बनल्याचं वर्ष आहे, शूटिंगचं नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

मग चित्र. मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९, तीन सीझन, ७९ एपिसोड. विणलेल्या उंच केसांची ती योमन रँड, कॅप्टनची मदतनीस, नटी ग्रेस ली व्हिटनी, ती पहिल्याच सीझनमध्ये मधेच गेली, म्हणजे तो तुकडा १९६६ चा. कुठल्या तुकड्यात चेकॉव्ह, जहाजावरचा तो रशियन पोरगा, दिसला तर दुसरा सीझन किंवा पुढचा. शर्टाचं कापड भिंगातून बघा, पहिल्या दोन सीझनला वेलोर होतं, मखमलीसारखी लव दिसते आणि हालचालीत त्यावर सावल्या पडतात, तिसऱ्याला सपाट विणलेलं कापड आलं. आणि कॉलर उंच, जाडसर विणीचा, बाया पँटमध्ये असं काही दिसलं तर पायलटमधलं, म्हणजे मालिकेच्या आधी बनवलेल्या नमुना एपिसोडमधलं, मग इथं ओरडून सांगा.

पण सगळ्यात भारी तुमचा तो क्लॅप आहे जो तुम्ही टाकून द्यायला निघालाय! काय लिहिलंय त्यावर? प्रॉडक्शन नंबर, सीन, टेक, दिग्दर्शक, कॅमेरामन. दिग्दर्शकाचं नाव एकट्यानं पुरत नाही कारण मार्क डॅनियल्ससारख्यांनी बरेच एपिसोड केलेत. कॅमेरामन फिनरमन असेल तर पहिला, दुसरा नाहीतर तिसऱ्याचा सुरुवातीचा भाग, अल फ्रान्सिस असेल तर तिसऱ्याचा नंतरचा. नंबर मिळाला की संपलं. फक्त तो बनवण्याच्या क्रमाचा नंबर असतो, दाखवण्याच्या क्रमाचा नाही, हे दोन क्रम अजिबात जुळत नाहीत.

जहाजामागचा सपाट रंग म्हणजे निळा पडदा, आता गुलाबीत जांभळट दिसत असेल. चांदण्या नंतर ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे वेगवेगळी चित्रं एकाच फिल्मवर छापायच्या मशीनवर, घालायचे. ते ११ फुटी मॉडेल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याची डावी बाजू अर्धवट, तिकडून वायरी जायच्या, म्हणून शूटिंग कायम उजव्या बाजूनं. तुमच्या तुकड्यात डावी बाजू दिसली तर बहुतेक तुम्ही फिल्म उलटी धरलीय. चकाकणारी बाजू आपल्याकडं की मॅट बाजू, हे जहाजावरचे आकडे वाचून ठरवा.

टिळकवाडीचा_बाळू

बाप रे. कात्री ठेवली खाली. डब्यातनं काढून कागदी पाकिटात भरले, बायको म्हणायलीय आता घरभर वास सोडलास.

क्लॅप भिंगातून बघितला. वर स्टार ट्रेक, खाली डॅनियल्स वाचता येतंय, कॅमेरामनच्या जागी बोट आलंय. नंबर ६१४९ आणि पुढं ०६ असं वाटतंय. सीन नंबर आहे पण तारीख फ्रेमच्या बाहेर गेलीय.

खानापूर_ते_बेंगळूर

६१४९-०६!!! म्हणजे "द मॅन ट्रॅप". दोन पायलट धरून सहावा बनलेला पण ८ सप्टेंबरला पहिला दाखवलेला तोच. मीठ शोषणाऱ्या प्राण्याचा एपिसोड. आणि तुमची ट्रे घेतलेली रँड पण त्यातलीच असायची शक्यता खूप, त्यात ती जहाजावरच्या सुलूसाठी ट्रे घेऊन फिरते. पण शक्यता म्हणतोय, पक्कं नाही, कारण ती इतर ठिकाणी पण कायम काहीतरी घेऊनच उभी असते बिचारी.

पक्कं करायला एपिसोड लावा आणि फ्रेम फ्रेम पुढं न्या. २००६ नंतर सीबीएस कंपनीनं जहाजाचे शॉट कॉम्प्युटरवर नवीन बनवले, ब्ल्यू-रेवर जुना आणि नवा दोन्ही आहेत, तुम्ही जुनाच लावा. चित्र तंतोतंत जुळणार नाही, कारण तुमच्याकडचा टेक वापरलाच नव्हता किंवा कट व्हायच्या आधीचा-नंतरचा आहे. तोंड बघत बसू नका, न हलणाऱ्या गोष्टी बघा. मागच्या पॅनलवर कुठले दिवे, दार उघडं का बंद, ट्रेवर काय काय कुठल्या जागी, मागून जाणारा एक्स्ट्रा कोण. नटाचं तोंड प्रत्येक टेकला बदलतं, ट्रेवरची वाटी बदलत नाही.

एआय_है_ना

एवढा कशाला व्याप? मोबाइलवर फोटो काढा, एआयला टाका, दोन मिनिटांत फोर के आणि रंगीत. मी आजोबांच्या लग्नाचे केलेत, एकदम नवीन वाटतात.

रंगाची_ताई

दादा, आजोबांच्या लग्नात आजीचा शालू कुठल्या रंगाचा होता ते एआयला कुणी सांगितलं? त्यानं ठरवला आणि तुम्ही मान्य केलात. घरच्या भिंतीवर लावायला चालेल की, पण बाळूदादांच्या तुकड्यात त्या क्षणी खरोखर पडलेला उजेड आहे, तो ठेवायचा का त्याच्यावर दुसरं चित्र काढायचं एवढाच प्रश्न आहे. चेहऱ्यांवर तर हमखास घोटाळा होतो, डोळे गुळगुळीत आणि भलत्याच माणसाचे.

मी छपाईत रंगाचं काम करते, जुन्या स्लाइड स्कॅन पण करते, खानापूर रोडला. बाळूदादा, केमिकलमध्ये धुवून रंग परत येत नाही. फिल्ममध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगांचे थर असतात, त्या काळच्या ईस्टमन प्रिंटमध्ये निळसर रंगद्रव्य अंधारात पडून पडून सुद्धा मोडतं, पिवळं पण कमी होतं, उरतं ते किरमिजी. म्हणून गुलाबी. मोडलेलं रंगद्रव्य धुऊन कुठनं येणार? तो माणूस फार तर तुमचं इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, सोलून देईल. टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीचे प्रिंट असे पडत नाहीत, पण तुमचे तसले दिसत नाहीत.

म्हणून जे काय करायचं ते स्कॅन केल्यावर. त्याआधी धूळ फक्त हवेच्या फुग्यानं आणि मऊ ब्रशनं. हातमोजे घाला. बुरशीचे जाळीदार ठिपके असतील तर पाणी अजिबात लावू नका, बुरशीनं जिलेटिन आधीच भुसभुशीत झालेलं असतं, पाण्यानं चित्रच सुटून येतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे कायमचं दुखणं. फार चिकट डाग असेल तर मोबाइल रिपेअरवाल्यांकडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ९९ टक्केवालं, कापसाच्या बोळ्याला जेमतेम लावून टोकाच्या फ्रेमवर बघायचं. पण कडेला शाईनं मारलेले नंबर असतील तर तिथं नको, शाई जाते, आणि ते नंबर किती मोलाचे ते वर खानापूरच्या भावानं सांगितलंच आहे.

स्कॅनला फ्लॅटबेड असेल तर ट्रान्स्परन्सी लाइटवाला, म्हणजे फिल्मच्या आरपार उजेड पाडणारा, पाहिजे, कागदाचा नुसता चालत नाही. माझ्या मते कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स बरी, खाली चांगल्या प्रतीचा पांढरा एलईडी, सीआरआय (रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९५ च्या वरचा, आणि मधे दुधी ॲक्रिलिक. टॅबच्या स्क्रीनवर ठेवून काढलात तर स्क्रीनचे ठिपके फोटोत येतात, ॲक्रिलिक थोडं उंच धरलं की जातात. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं रंग न बदललेल्या फाइलमध्ये, काढा. सिनेमाची फ्रेम साध्या फोटोच्या फ्रेमपेक्षा लहान असते, साधारण २४ बाय १८ मिलिमीटर, फोटोची ३६ बाय २४, म्हणून साध्या स्लाइड चौकटीत ती मोकळी पडते आणि लोक कडा कापून काहीतरी जुगाड करतात. काळ्या कार्डाला नीट खिडकी कापा, फिल्मला नको. आणि भोकांसकट, कडेसकट अख्ख्या पट्टीचा फोटो पहिला.

आता रंग. लाल, हिरवा, निळा चॅनल वेगवेगळा उघडून बघा. हिरवा चॅनल ठणठणीत दिसेल कारण किरमिजी शाबूत आहे. लाल चॅनल फिक्का, धुरकट, कारण लाल उजेड अडवणारं निळसर द्रव्यच गेलंय. निळा दोन्हीच्या मधे. म्हणजे काम मुख्यतः लाल चॅनलचं, त्याचा काळा आणि पांढरा टोक ओढून हिरव्याच्या बरोबरीला आणायचा, मग मधला भाग कर्व्हनं. ओढल्यावर लालमध्ये दाणे खूप येतात, तेव्हा बारीकसारीक तपशील हिरव्यातून घ्यायचा आणि लाल-निळ्यातून नुसता रंग. व्ह्यूस्कॅन या स्कॅनच्या सॉफ्टवेअरमध्ये फिके रंग सुधारायचं बटण आहे, ते सुरुवातीला बरं, शेवट त्यावर करू नका. फोटो सुधारायचं जिम्प सॉफ्टवेअर फुकट आहे, पुरतं.

आणि इथं परत तोच क्लॅप. काळी पाटी, पांढरी अक्षरं, सेटवरच्याच उजेडात. काळा काळा झाला आणि पांढरा पांढरा झाला की त्या टेकचे बाकीचे तुकडे त्याच आकड्यांवर लावायचे. नटाच्या गालावरून रंग जुळवायला बसलात तर तुमच्या आवडीचा गाल तयार होतो.

खानापूर_ते_बेंगळूर

ताई एक विचारतो. कर्कचा शर्ट काय करायचा? थीस, म्हणजे कपडे बनवणारा, त्यानं शर्ट हिरवट केले होते. वेलोर कापड, सेटवरचा उजेड आणि फिल्म यांत मिळून तो पिवळा सोनेरी दिसला आणि जगानं सोनेरीच धरला. त्याच हिरव्या रंगाचा पुढून गुंडाळायचा अंगरखा आणि समारंभाचा पोशाख दुसऱ्या कापडाचा होता, ते मात्र पडद्यावर हिरवेच दिसतात. मग बाळूदादांनी रिस्टोअर करताना शर्ट हिरवा करायचा का सोनेरी? खरा तर हिरवा होता ना.

रंगाची_ताई

सोनेरी. म्हणजे हिरवट झाक असलेला सोनेरी, फिल्मनं जो बघितला तो. आपण शर्ट दुरुस्त करत नाही भाऊ, फिल्म दुरुस्त करतोय. तो शर्ट आता कुठल्या तरी संग्राहकाच्या कपाटात असेल, त्याला हिरवा राहू दे.

पण हा मुद्दा चांगला काढलास, कारण ओळखायला पण उपयोगी आहे. बाकीची फ्रेम क्लॅपवरून बरोबर आली आणि तरी कर्कचा कपडा स्पष्ट हिरवा दिसायला लागला तर तुमचा आकडा चुकला असं धरू नका लगेच, आधी बघा तो गुंडाळायचा अंगरखा तर नाही. तसा असेल तर तुकडा मॅन ट्रॅपचा नाही, वेगळ्या पाकिटात टाका.

आणि एक किस्सा सांगतात तो ठाऊक असेलच. पहिल्या पायलटला हिरव्या कातडीच्या, परग्रहावरच्या बाईची मेकअप टेस्ट होती, मॅजेल बॅरेटला हिरवा रंग फासून शूट केलं, लॅबमधून प्रिंट आलं तर बाई नेहमीच्या कातडीची. परत जास्त हिरवी केली, परत तेच. लॅबवाला बिचारा रात्रभर बसून "हे काय भलतंच आलंय" म्हणून कातडी नीट करून देत होता. ऑटो कलरचं बटण आजही तेच करतं. एआयवाले दादा, हे तुम्हाला पण.

एआय_है_ना

😂 बरं बाई, बंद करतो बटण.

पण दादा हे विकले तर पैसे येतील काय?

निपाणीचा_ऑपरेटर

आला का मुद्द्यावर. तुकडा तुमचा आहे, विकू शकता, घेणारे चाहते आहेत म्हणे. पण त्यावरच्या चित्राचा हक्क कंपनीचा, तेव्हा पोस्टर छापून खडेबाजारात दुकान टाकू नका.

माझं म्हणणं वेगळं आहे. सगळे त्या अमेरिकेच्या जहाजाच्या मागं लागलेत, सुतळीतली गड्डी कुणी विचारलीच नाही. बाळूदादा, त्याचे पण कडेचे फोटो टाका की. इंदू असं छापलेलं दिसलं तर ती आपल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची फिल्म, ओर्वो असेल तर पूर्व जर्मनीची, त्यावरून साधारण काळ लागतो. काळ्यापांढऱ्यात चित्र चांदीचं असतं, रंगद्रव्याचं नव्हे, म्हणून ते असं गुलाबी पडत नाही, पण पाया तोच ॲसिटेटचा, वास तोच. आणि ताई, मला वाटतं स्कॅनरमधलं ते इन्फ्रारेडनं धूळ घालवायचं प्रकरण चांदीच्या फिल्मला चालत नाही ना?

रंगाची_ताई

नाही चालत अण्णा, चांदी इन्फ्रारेड अडवते, मशीनला सगळं चित्रच धूळ वाटतं. बंद ठेवायचं. रंगीतला चालू चालतं.

टिळकवाडीचा_बाळू

गड्डी उघडली. साउंडचा पट्टा आहे, म्हणजे थेटरचीच. एका पट्टीवर इंदू दिसलं अण्णा! आणि ते मराठी पाटीचं दुकान आहे त्यात पुढं एक टांगा, टांग्यात पाठमोरी बाई, नट-नटी कुणी नाही. कुठला सिनेमा हे कसं हुडकायचं?

निपाणीचा_ऑपरेटर

इंदू म्हणजे साठच्या दशकाच्या शेवटापासून पुढचं धरा. पाटीवर काय लिहिलंय ते वाचा, साउंडच्या पट्टीचा पण नीट फोटो काढा, स्कॅनवरून आवाज काढणारे लोक आहेत, पण चार-पाच फ्रेममध्ये सेकंदाचा पाचवा भाग येणार, त्यात एक अक्षर पण पुरं होत नाही. लांब पट्टी असेल तर बघा. नाहीच जमलं तर पुण्याच्या फिल्म संग्रहालयाला स्कॅन पाठवून विचारा, १९६४ पासून ते हेच करायलेत, मराठी सिनेमाची माणसं तिथं भेटतील. मूळ तुकडे टपालानं पाठवू नका, फक्त स्कॅन.

टिळकवाडीचा_बाळू

ताई, माझ्याकडं मॅक्रो लेन्स नाही. रविवारी खानापूर रोडला येऊ का? क्लॅपची पट्टी आणि रँडची पट्टी दोन्ही आणतो, शेजारी शेजारी ठेवून कडेचे नंबर जुळतात का बघू.

रंगाची_ताई

या की. पाकिटांवर आत्ताच पेन्सिलीनं अ, ब, क घाला, बॉलपेन नको, आणि कुठला तुकडा कुठल्या पाकिटात होता ते वहीत लिहून ठेवा, काकांनी काही क्रम लावला असेल तर तो मोडू नका. वास येणारे वेगळ्या पिशवीत. पाऊस असला तर येऊ नका, पुढच्या रविवारी या.

खानापूर_ते_बेंगळूर

मी पण शनिवारी गावी यायलोय. ब्ल्यू-रे आणि लॅपटॉप आणतो. ताई, चहाचं बघा तेवढं, टेबलापासून लांब.